घेवड्याचे चौदा दाणे

झोअर,
१२ ऑक्टोबर १६६२

थॉमसिनताई,

देवाची कृपा तुझ्यावर असो. इथे आम्ही धडधाकट आहोत. मका कापून झाला, भोपळे माळ्यावर चढवले, आणि थंडी पडताच आमच्या ह्यांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला, त्याच्या जोडीने हेही. तुझं पत्र नावाडी जोनास पाइकने मागच्या मंगळवारी आणून दिलं. तू क्वेकर पंथात गेलीस म्हणून त्या खाडीकाठच्या वसाहतवाल्यांनी तुला नोव्हेंबरअखेर त्यांची हद्द सोडायला सांगितलं आहे, नाहीतर गाडीमागे बांधून फटके मारणार, म्हणून तुला आमच्याकडे राहायला यायचं आहे, हे सगळं वाचलं. एकदा नाही, चारदा वाचलं.

वाईट बातमी आधीच सांगून टाकते. गावाने नाही म्हटलं.

आता तू म्हणशील, झोअरने? ज्या झोअरचे तुझे मेहुणे संस्थापक, त्या झोअरने? हो, त्याच. सतरा वर्षांपूर्वी ह्याच खाडीवाल्यांनी आम्हाला ऐन जानेवारीत हाकललं होतं, कारण हे भर चर्चमध्ये म्हणाले होते की माणसाच्या अंतःकरणात हात घालायचा हक्क कुठल्याही सरकारला नाही. इथल्या मूळच्या इंडियन लोकांच्या सरदाराने नदीकाठची जमीन आम्हाला वापरायला दिली. ह्यांनी गावाच्या कराराची पहिलीच ओळ लिहिली, की श्रद्धेपायी इथे कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. ती ओळ आता आमच्याकडची पोरं पाठ म्हणतात. त्या सरदाराची माणसं मासे धरायला नदीवर आली की त्याच पोरांचे बाप त्यांच्यावर कुत्री सोडतात. मला ह्या गावाची शिसारी आली आहे, ताई. पंचवीस घरं आणि सव्वीस पंथ, आणि प्रत्येकजण नाकाने कांदे सोलणारा.

आमच्या ह्यांचं काय सांगू! ज्याच्यात देवाने निवडल्याची खूण दिसत नाही, त्याच्याबरोबर हात जोडणं म्हणजे देवाची थट्टा, हे ह्यांचं मत तुला ठाऊकच आहे. माझ्यात ती खूण नाही. वीस वर्षांत दिसली नाही. म्हणून जेवणाआधी एझ्रा थॉर्नबी खिडकीकडे तोंड करून प्रार्थना करतात आणि त्यांची बायको चुलीकडे तोंड करून. जगाला मोकळीक देणाऱ्या माणसाचं घर हे असं आहे.

सभा आमच्याच घरात भरली. मतं टाकायचं मडकं माझं, दाणेही माझ्याच कोठीतले. मका म्हणजे हो, घेवडा म्हणजे नाही. अकरा मके पडले आणि चौदा घेवडे. पिपं बनवणारा बार्नबास वॉर्डल जाताना मला म्हणाला, "बाई, इथे मनावर बंदी नाही. पण आरडाओरड्यावर आहे. तुमचे ते क्वेकर लोक भर उपासनेत उठून ओरडतात." ह्यांनी तुझ्यासाठी तोंड उघडलं नाही. आणि बाईमाणसाला सभेत तोंड नसतंच. मी चुलीशी बसून होते.

दक्षिणेकडच्या बेटावर तुमच्या लोकांना थारा मिळतो असं ऐकते, तिकडे बघ. सोबत लोकरी मोजे आणि चीजचा गोळा पाठवते आहे. जमलं तेवढं केलं, ताई.

तुझी धाकटी,
डॅमरिस


झोअर,
९ डिसेंबर १६६२

ताई,

कुशल वगैरे काही लिहीत नाही. जोनास काल सकाळी आला. मी अंगणात मासे खारवत होते. तो टोपी हातात धरून नुसता उभा राहिला, तेव्हाच मला कळलं.

"बेटाकडे जाणारी नाव सुटून गेली होती, बाई," तो म्हणाला. "दुसरी मिळायच्या आत महिना संपला. तीन गावांतून नेली. प्रत्येक गावात दहा. कमरेपर्यंत उघडी करून, गाडीच्या मागे. बर्फ भुरभुरत होता."

"आता कुठे आहे?"

"नदीपलीकडे विधवा हेस्टर लमच्या गोठ्यात. पालथी पडून असते. पण जगेल."

"काही बोलली?"

"बोलली ना. म्हणाली, माझ्या डॅमरिसला सांग, जिवाला लावून घेऊ नको. माझ्यासाठी ती किती भांडली असेल, मला माहीत आहे."

हे ऐकून मी काय केलं असेल? मासे खारवत राहिले. जोनास गेल्यावर हातातलं मीठ डोळ्यांना लागलं, तेवढंच.

मी भांडले नाही, ताई. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. आता जे झालं तेच लिहिते, आणि तू ते शेवटपर्यंत वाच.

ह्यांनी तोंड उघडलं नाही असं मी लिहिलं होतं. हे तासभर बोलले. दुखरा गुडघा टेबलाला टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "आज हिला दार बंद केलंत तर ती पहिली ओळ खोडून टाका आणि खाडीवाल्यांना चावी नेऊन द्या." कधी नव्हे ते मला त्यांच्याकडे बघवत होतं. लोक मऊ पडले होते. वॉर्डलसुद्धा दाढी खाजवत होता. मग तो उठला आणि माझ्याकडे वळला.

"तिला ओळखणारं इथे एकच माणूस आहे. थॉर्नबीबाई, तुम्ही सांगा. तुमची बहीण गावाची शांतता मोडेल का?"

इथे साक्षीदाराला शपथ घालत नाहीत. शपथ म्हणजे देवाची उपासना, आणि उपासना कुणाकडून जबरीने करवायची नाही, हा ह्यांचाच नियम. त्यामुळे पुस्तकावर हात नाही, काही नाही. मी उठले, एप्रनला हात पुसले आणि बोलले.

"मोडेल. तिला लहानपणापासून गप्प बसता येत नाही. आमच्या माहेरगावच्या चर्चमध्ये पाद्रीबाबा उपदेश करत असताना 'खोटं बोलतोस' म्हणून ओरडली होती, आणि अंगावर जोडा फेकला होता."

सगळे हसले. ह्यांनी मान खाली घातली. मग मडकं फिरलं.

जोडा कुणाचा होता, तुला सांगायला नको. डाव्या पायातला, बक्कल तुटलेला, माझा. मी अकरा वर्षांची होते. बाबांनी पट्टा काढला आणि तू माझ्यापुढे येऊन म्हणालीस, "मी फेकला." आठ दिवस तुला बसता येत नव्हतं. मी तुझ्यासाठी स्वयंपाकघरातून सफरचंदं चोरून आणायचे, आणि तू म्हणायचीस, नेम मात्र छान होता गं. तोच जोडा मी चौतीस वर्षांनी पुन्हा तुझ्या माथी मारला. आणि ह्या वेळी मी मोठी होते, मला पट्ट्याचं भय नव्हतं.

का, ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा ह्यांनी ते मोठ्याने वाचलं. तू लिहिलं होतंस ना, की फटक्यांचं भय वाटतं, खूप वाटतं, पण गप्प बसण्याचं त्याहून जास्त वाटतं. तिथे ह्यांचा आवाज चिरकला. डोळे पुसून म्हणाले, "हिच्यात खूण आहे. हिच्याबरोबर मी हात जोडू शकेन."

माझ्यासमोर म्हणाले. मी त्यांच्या ताटात लापशी वाढत होते.

वीस वर्षं, ताई. बर्फातून त्यांच्यामागे चालले मी. वाटेत आमचा धाकटा गेला, त्याला गोठलेल्या जमिनीत पुरता येईना म्हणून दगड रचले, तेव्हाही त्यांनी त्याच्यासाठी एकट्याने प्रार्थना केली, दहा पावलं दूर जाऊन. मी म्हटलं, असू दे, हे कुणाबरोबरच करत नाहीत. आणि मग तू येणार, माझ्या टेबलाशी बसणार, आणि दोघं मिळून हात जोडणार, आणि मी वाढणार! मला ते सहन झालं नाही. देवधर्म, शांतता, गाव, ह्यातलं काही मनात नव्हतं. निव्वळ मत्सर होता. मला माझीच इतकी किळस येते की आरशापुढून जाताना मी मान वळवते.

काल दुपारी जेवायला बसल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. जोनासने सांगितलेलं, आणि जोड्याचं, आणि का ते. चमचा खाली ठेवून त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, ओरडतील. मारतीलसुद्धा, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"शपथेवर नव्हतीस," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे कायद्याने गुन्हा नाही. उरलं ते तुझ्यात आणि देवात. गावाला तिथे हात घालता येत नाही."

"मग मला शिक्षा कोण करणार?"

"इथे कुणी नाही. त्यासाठीच तर हे गाव आहे."

मी तशीच उठून वॉर्डलकडे गेले. तो रंधा मारत होता. सगळं ऐकून त्याने काखा वर केल्या. "झालं ते झालं, बाई. घेवडा टाकणारे आम्हीही होतोच की. मार्चच्या सभेत पुन्हा विषय काढू. थोडी सफरचंदाची सायडर घेता का?" मार्च! तुझ्या पाठीचं मांस उघडं पडलं आहे आणि हा मला सायडर विचारतो. मी पेल्याला हात न लावता निघाले.

घरी आले तर हे दारात उभे. डोळे ओले, ते तुझं पत्र वाचताना झाले होते तसे. माझा हात धरून मला टेबलाशी नेलं. "डॅमरिस," ते म्हणाले, "असा पश्चात्ताप देवाने निवडलेल्यालाच होतो. आज तुझ्यात खूण दिसली. बस. आपण दोघं मिळून प्रार्थना करू." आणि त्यांनी माझ्याकडे तोंड करून हात जोडले.

ज्याच्यासाठी मी तुला गाडीमागे बांधलं ते मला असं मिळालं, ताई. तुझ्या तीस फटक्यांच्या बदल्यात, आयतं, माझ्याच टेबलावर. एक क्षण माझे हात उचललेही गेले. हेही तुला कळायला हवं. मग मी ते खाली घेतले.

"मला तुमच्याबरोबर प्रार्थना करता येणार नाही," मी म्हटलं. "माझं अंतःकरण मान्य करत नाही."

त्यांच्याच नियमाने त्यांना माझ्यावर जबरी करता येत नाही. ते उठून खिडकीशी गेले.

जोनासबरोबर हे पत्र, दोन घोंगड्या आणि चरबीचं मलम पाठवते आहे. पाठीच्या जखमा जरा मिटल्या की त्याच्या नावेत बस आणि सरळ माझ्या घरी ये. गावाच्या परवानगीवाचून परक्याला तीन दिवसांवर ठेवता येत नाही. चौथ्या दिवशी ते तुला घालवायला आले तर मी तुझ्याबरोबर निघेन. दोघींना बर्फात कसं चालायचं ते माहीत आहे.

एकच मागते. तू माफ करणार, मला ठाऊक आहे. उंबऱ्यातच मला जवळ घेऊन म्हणशील की नेम छान होता गं. तसं करू नकोस. इथे सगळ्यांनी मला आधीच शिक्षेवाचून सोडून दिलं आहे. निदान तू थोडे दिवस सोडू नकोस.

तुझ्या पाठीवरचे वळ जिच्या जिभेने उठवले ती,
डॅमरिस