पाय आणि पाढे

मालवण,
ता. १८ जानेवारी १९५९

ती. गुरुदादास मथूचा नमस्कार.

कोयनेची थंडी तुला बाधत नसेल, जेवणखाण वेळेवर होत असेल, असं धरून लिहिते. माईचा खोकला गेला. आंब्यांना मोहोर भरपूर आहे, टिकला तर खरा. शेजारच्या बाबलीकाकांची गाय व्याली, तेव्हापासून आमच्याकडे खरवसच खरवस.

आता एक गंमत. मी बांधावरून पडले.

मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी आणि क्लेमेंटिना होडीकडे निघालो. क्लेमेंटिना म्हणजे आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई. नाताळात डबाभर नेवऱ्या पाठवणारी तीच. सव्वीस जानेवारीच्या कवायतीसाठी मुलींना सारखे झगे शिवायचे आहेत. खाजणाच्या बांधावर मी पुढे, ती मागे. तिनं मागून विचारलं, "मथू, तेवीस चेडवांक पावणेतीन वार धरला तर कापड किती होतला गो?"

मी मनात हिशोब करू लागले, आणि बघते तो कमरेपर्यंत चिखलात! क्लेमेंटिना वरून ओरडतेय, "खंय लागला गो तुका?" आणि मी खालून सांगतेय, "सव्वा त्रेसष्ट!"

होडीत बसेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. होडीवाल्या लवूनंही हसून घेतलं.

घरी आले तेव्हा हसू गेलं होतं. बांध रोजचाच, दादा. पाऊस नाही, शेवाळ नाही, चपलाही हातात होत्या. मग पडले कशी? दुसऱ्या दिवशी न्हाणीत दार लावून मी पाय जोडून, डोळे मिटून उभी राहिले. काही झालं नाही. मग मनात सतरा गुणिले एकोणीस करायला घेतलं, आणि डोलायला लागले. हंड्याचा काठ धरावा लागला. तेव्हापासून रोज करून बघते. रोज तेच. वर्गात फळ्यावर गणित सोडवताना आता मी डावा हात फळ्याच्या चौकटीवर ठेवते. मुलींना वाटतं, बाईंची नवी ऐट.

बाबांचं तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. मला आठवतं ते इतकंच: बाजार करून अंगणातून नीट चालत यायचे. माईनं ओसरीवरून विचारायचं, "कुळीथ किती हाडलात?" की जागच्या जागी थांबायचे, पाय फाकवायचे, हात खांबाकडे जायचा. उत्तर द्यायचे आणि मग पुढचं पाऊल. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. पुढे न विचारताही तोल जायला लागला. जीभ जड झाली. "दाजी मास्तर घेवन इले" असं पोरं त्यांच्यासमोर म्हणायची, आणि शाळेनं त्यांना घरी बसवलं तेही दारू पितात असं म्हणूनच.

त्यांचं नेमकं कधी सुरू झालं, तुला ठाऊक आहे का? तिशीत, की आधी? सहज विचारते. मी बावीस वर्षांची आहे.

येत्या शनिवारी क्लेमेंटिनाबरोबर वेंगुर्ल्याला जातेय. तिथल्या एका डॉक्टरांचं नाव तिच्या मावशीकडून कळलं. माईला सांगितलंय, कापड आणायला जातो. तू तिला काही लिहू नकोस.

तुझं कसं चाललंय? कामाचं विचारते. धरणाच्या भिंतीची मापं घ्यायला अजून त्या उंचावरच्या फळ्यांवरूनच फिरावं लागतं का?

उत्तर लगेच लिही. दोन ओळी चालतील.

तुझी,
मथू

---

मालवण,
ता. ९ फेब्रुवारी १९५९

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र नाही. टपालवाला आता मला बघूनच मान हलवतो. कामाचा रेटा असेल, असं मी माईला सांगते आणि मलाही सांगते.

वेंगुर्ल्याला जाऊन आलो. आधी महत्त्वाचं: मला काही झालेलं नाही. खरंच नाही. आता सविस्तर.

डॉक्टर नाबर म्हातारे आहेत, ऐकायला थोडं कमी येतं, त्यामुळे माझी सगळी कहाणी बाहेर बसलेल्या रोग्यांनीही ऐकली. त्यांनी मला फरशीच्या रेषेवरून टाचेला अंगठा लावत चालवलं. बोट नाकाला, मग त्यांच्या बोटाला, असं भराभर करायला लावलं. सगळं जमलं. मग खिडकीपाशी पाय जोडून उभं केलं आणि म्हणाले, "पाठ असलेलं काहीतरी म्हणा." मी बाराचा पाढा म्हटला. "आता शंभरातून सात वजा करा. त्यातून सात. करत राहा, थांबायचं नाही."

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... आणि मी डोलू लागले. वाटलं, झालं, सापडलं.

डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्या मैत्रिणीला बोलवा."

क्लेमेंटिनाला कळेना आपल्याला कशाला. ती उभी राहिली, तिची रोजची प्रार्थना म्हणाली. तिच्या कानातले लोंबते डूल अगदी स्थिर होते, दादा. गप्प उभी होती तेव्हाही थोडे हलत होते, प्रार्थनेत तेही थांबले. मग डॉक्टरांनी तिला शंभरातून सात सांगितले. ब्याऐंशी की त्र्याऐंशी करत ती अडली आणि डूल हलायला लागले. ती माझ्याइतकीच डोलत होती. तिचा बाप सत्तराव्या वर्षी माडावर चढतो!

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले. "उभं राहणं आपल्याला आपोआप होतंय असं वाटतं. तसं नसतं. डोकं सारखं पायांकडे लक्ष ठेवून असतं. पाठ असलेलं म्हणायला त्याला कष्ट पडत नाहीत, उलट माणूस निवांत उभा राहतो. कठीण हिशोब दिला की पायांवरचं लक्ष कमी होतं. तुमच्यासारख्या धडधाकट तरुण पोरींचंही होतं, माझंही होतं. बांध अरुंद होता म्हणून तुम्ही पडलात. रस्त्यावर असता तर नुसता पाय वाकडा पडला असता, तुम्हाला कळलंही नसतं."

मी तिथेच रडले. क्लेमेंटिनानं पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "गो, माका कित्याक रडयतंस आता?"

पण डॉक्टरांनी बाबांचं विचारलं. चालणं, बोलणं, शेवटी शेवटी अक्षर कसं झालं होतं, सगळं. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "ही दारू नव्हे. मेंदूच्या मागच्या भागात चालण्याबोलण्याचा तोल सांभाळणारी जागा असते, ती काही घराण्यांत हळूहळू झिजते. रोगी न बघता मी खात्रीनं बोलणार नाही, पण मला तसं वाटतं. अशा माणसाला हिशोब घालायची गरज नसते. चालताना नुसतं 'जेवलास का' विचारलं तरी त्याला थांबावं लागतं." मग त्यांनी विचारलं, "भावंडं आहेत?"

मी म्हटलं, "एक दादा आहे. अठ्ठावीस वर्षांचा."

"तो कसा चालतो?"

मी म्हटलं, "चांगला चालतो."

दादा, मी हे पत्र तीनदा इथपर्यंत लिहून फाडलंय.

चतुर्थीला गणपती विसर्जनाला निघाला तेव्हा मूर्ती तुझ्या डोक्यावर होती. मी मागे आरतीचं ताट घेऊन. खाडीच्या पायऱ्यांवर बाबलीकाकांनी तुला विचारलं, "काय रे गुरु, रजा कितकी आसा?" तू थांबलास. पायरीवर पाय फाकवलेस. "चार दिवस" म्हणालास, आणि तरी लगेच निघाला नाहीस. मग म्हणालास, "लवू, तू घे रे, माझी मान भरून आली." सगळ्यांना वाटलं, मूर्ती यंदा मोठी आहे. मी तुझे पाय बघत होते. मी ते पाय ओळखले होते.

चतुर्थीपासून आजपर्यंत मी ते स्वतःशीही बोलले नाही. म्हणून स्वतःचेच पाय तपासत बसले, असं आता वाटतं. मी न्हाणीत डोलायचे तेव्हा घाबरायचे, पण त्यात एक बरं होतं. मला झालं तर तुला नसेल, असं काहीतरी वेडं गणित मी मांडलं होतं.

तू फळ्यांवरून चालतोस आणि चालता चालता आकडे मोजतोस. तुझी नोकरीच ती आहे. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही येत नाही. वर्गात नाही, होडीत नाही, जेवताना नाही.

माईनं तुझ्यासाठी बघितलेली प्रत्येक मुलगी तू नाकारलीस. माई म्हणते, गुरुला कोणी घाटावरची आवडलीय. मीही हो म्हणते.

मी चुकत असेन तर मला शिव्या घाल, पण पत्रानं घाल, आणि लौकर. तोवर त्या फळ्यांवर जाऊ नकोस. ताप आलाय सांग, काहीही सांग.

मथू

---

मालवण,
ता. ४ मार्च १९५९

माझ्या दादा,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस हे बरं केलंस. मुलींना शुद्धलेखन घालून मी ते वाचलं आणि एकच ओळ त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी एकीनं हात वर करून विचारलं, "बाई, हे कितीदा लिहायचं?"

तर तुला दीड वर्षापासून माहीत आहे. खालून मुकादमानं आकडा विचारला, तू सांगायला लागलास, फळी दिसेनाशी झाली आणि हाताला दोर लागला म्हणून वाचलास, हे मी वाचलं आणि माझ्या हातातला खडू मोडला. त्यानंतरही तू कितीतरी महिने वर जात राहिलास! आता गुडघा दुखतो सांगून कचेरीत नकाशे करत बसतोस, हे वाचून जीवात जीव आला. माझं पत्र पोचण्याआधीच तू खाली उतरला होतास. मी उगाच मरत होते, आणि तू मला कळवलं नाहीस. यावर भांडायचं आहे, पण समोरासमोर.

तू लिहितोस, "माईला कळू देऊ नकोस. मला इकडेच राहू दे. दाजी मास्तरांचा मुलगाही झोकांड्या खात बाजारातून गेला, हे तिनं ऐकायला नको."

दादा, मी माईला सांगितलं.

रागावू नकोस. दुपारची ती अंगणात कुळीथ पाखडत होती. मी जवळ बसले आणि डॉक्टरांनी बाबांबद्दल सांगितलं ते आधी सांगितलं. सूप थांबलं. तिनं विचारलं, "म्हणजे ते पियत नाय होते?"

"नाही माई. कधीच नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी तेंच्या तोंडाचो वास घेतलंय गो. रोज. दारात आडवून. वास कधीच येय नाय. तरी माका वाटायचा, कायतरी चावन लपयतत." आणि पदर तोंडात कोंबून ती रडली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिला आवरलं नाही. बाबांनी दारात उभं राहून रोज तोंड उघडून दाखवलं असेल.

मग मी तुझं सांगितलं. मला वाटलं होतं, ती कोसळेल. ती डोळे पुसून म्हणाली, "गुरु एकटोच आसा थंय?" मी हो म्हटलं. "तेका घराक हाड," ती म्हणाली. "आणि तेका सांग, आवस तुझ्या तोंडाचो वास घेवची नाय."

हे मी जसंच्या तसं लिहिते, कारण तिनं तसं वचन घेतलंय.

परवा पुन्हा डॉक्टर नाबरांकडे जाऊन आले. या खेपेला खरं सांगितलं. ते म्हणाले, तपासल्याशिवाय नाव देणार नाही. तेच निघालं तर औषध नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. पण हे वर्षानुवर्षं हळू चालतं, माणूस बसून करायची कामं पुष्कळ करू शकतो. उंचीवर जायचं नाही, वाटेत काठी धरायची, चालताना चालायचं आणि बोलताना उभं राहायचं. माझं विचारलं तर म्हणाले, "आज तुमच्यात काही नाही. पुढचं मला दिसत नाही." तेव्हा तीही भीती घरातच आहे. तुझ्यामाझ्यात ती वाटून घेऊ, एकट्यानं सांभाळण्यापेक्षा बरं. मी आता न्हाणीत उभी राहून गुणाकार करत नाही. कधीतरी करते. कमी करते.

रजेचा अर्ज टाक. कोल्हापूरहून गगनबावड्याची गाडी धर, तळेऱ्याला उतर. तिथे मी येईन, क्लेमेंटिना आणि लवूही येतो म्हणालेत, पण लवूला मी नको म्हटलं. तो तुला उचलूनच घेईल. रात्रीच्या गाडीनं अंधारात यायचं नाही. आपण मालवणात दिवसा उतरायचं आणि बाजारातून चालत घरी जायचं. कोणाला बघायचं असेल त्यानं बघावं. वाटेत लोक हाका मारतील, कधी आलास, किती दिवस आहेस, लग्न कधी, सगळं विचारतील. तू थांबू नकोस, मान वळवू नकोस. माझा दंड धर आणि पाय टाकत राहा.

उत्तरं मी देईन.

तुझी वाट बघणारी,
मथू