मौजवाडीचा दर्जा घसरला

२६ एप्रिल १९९६
नवी वही सुरू. कंपनीच्या पॅकिंग खात्यात कोरी रजिस्टरं धूळ खात पडलेली असतात, त्यातलं एक उचललं. चोरी नव्हे. सदुपयोग.
बारा मेला मौजवाडी. मुरबाड रोडवरचं हे वॉटर रिसॉर्ट १९८८ साली उघडलं, तेव्हापासून दर मे महिन्यात मी, मंजुळा आणि शकू जातो. यंदाचं सलग नववं वर्ष. असं गिऱ्हाईक त्यांना दुसरं नाही. रिसेप्शनच्या भिंतीवर माझा फोटो लावलाय. मोठ्या घसरगुंडीवरून येतोय, दोन्ही हात वर. मॅनेजमेंट मला मानते.
निश्चय: वजन ८४ वरून ७४. सोळा दिवस, दहा किलो. रोज पहाटे उपवन तलावाला तीन फेऱ्या.

२७ एप्रिल, पहाटे ५.३०
उठलो.

२७ एप्रिल, सकाळी ८.१५
पुन्हा उठलो.

१ मे
उपवनला गेलेलो. अर्धी फेरी पूर्ण. वाटेत आमच्या खात्यातला पोपट भेटला. वडापाव घ्याच म्हणाला. नाही म्हटलं तर गरीब माणूस दुखावतो. दोन घेतले.
पोपट विचारतो, साहेब, तुम्हाला क्वालिटीतून काढून पॅकिंगला का टाकलं? त्याला समजावलं, टाकलं नाही, घेतलं. बोल्ट पास-नापास करायला कुणीही चालतो, खोक्यात भरायला अनुभवी माणूस लागतो. वीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये गेज हातात धरून माल तपासला. या नजरेतून दोष सुटत नाही.

११ मे
वजन ८५. दुकानाबाहेरचा काटा खराब आहे.

१३ मे
काल मौजवाडी. मन विषण्ण. दर्जा घसरला.
एक: रिसेप्शनवरचा माझा फोटो गायब. तिथे माशांची काचेची पेटी. काउंटरवरच्या सुमती नावाच्या मुलीने हसून विचारलं, पहिल्यांदाच येताय का? मी उत्तर दिलं नाही. मंजुळाने दिलं.
दोन: मोठी घसरगुंडी बदलून त्यांनी स्वस्तातली अरुंद बसवली आहे. दुसऱ्या वळणावर मी अडकलो. वरून पाणी येत होतं, पाठोपाठ माणसं येत होती. शेवटी दोघांनी मागून पाय लावून ढकललं. खाली टाळ्या वाजल्या. शकू म्हणाली, पप्पा, घसरगुंडी तीच आहे, खाली पत्र्यावर १९८८ लिहिलंय. मी म्हटलं, पत्रा जुना असू शकतो. चौदा वर्षांची आहे, तिला काय कळतंय.
तीन: जेवणात पापलेट सांगून हलवा मासा वाढला. माझ्यासारख्या चेंदणीच्या कोळ्याला! मी थाळी परत पाठवली. मंजुळाने परत मागवली. तिला भूक लागली होती.
लाटांच्या तलावातल्या लाटासुद्धा लहान झाल्यात. पूर्वी गळ्यापर्यंत यायच्या, आता पोटावर आपटून परत जातात.
ओळखलं एकट्या गोमाजीने. हा लॉकरवाला म्हातारा, शेजारच्याच गावचा. चाव्या देतो, ट्यूब देतो. शकूला बघून म्हणाला, बाय केवढी झाली ओ! आणि स्वतःच्या खर्चाने आमच्यासाठी लिंबू सरबत घेऊन आला. हात थरथरतात त्याचे. अर्धा ग्लास माझ्या नव्या टी-शर्टवर.
शकू त्याच्याजवळ तासभर गप्पा मारत बसली. १९८८ साली ती सहा वर्षांची असताना इथे गर्दीत हरवली होती. तेव्हा याने तिला खांद्यावर घेऊन "ही बाय कुनाची? ही बाय कुनाची?" करत सगळं आवार पालथं घातलं होतं. मी तेव्हा घसरगुंडीच्या रांगेत होतो. फोटोवाला वर येऊन थांबलेला, रांग सोडता येत नव्हती.

१४ मे
गप्प बसणं हा गुन्हा आहे. मौजवाडीच्या मालकांसाठी सविस्तर दोष-अहवाल तयार करणार. त्यांचे डोळे उघडतील. कदाचित सल्लागार म्हणून बोलावतील. आठवड्यातून एक रविवार देऊ शकेन.
आज एकतीस दोष लिहिले.

१७ मे
सत्तेचाळीस. पन्नास हवेत. सत्तेचाळीस म्हणजे कुणीतरी चिडून लिहिलंय असं वाटतं. पन्नास म्हणजे अभ्यास.

१८ मे
झाले.
४८: कारंज्यातले बदक एका डोळ्याने आंधळे (प्लास्टिकचे).
४९: लॉकरवरील वृद्ध कर्मचाऱ्याचे हात थरथरतात, ग्राहकांच्या अंगावर पेय सांडते.
५०: एकूण वातावरण.
मंजुळाला वाचून दाखवलं. पहिले अठ्ठेचाळीस ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, अहो, गोमाजीचं काढा. मी म्हटलं, एक काढला तर एकोणपन्नास राहतात. ती म्हणाली, बदकाचे दोन करा. बायकांना क्वालिटी कंट्रोल कळत नाही. तिथे ओळखीचा बोल्ट आणि अनोळखी बोल्ट असं नसतं.

२० मे
खोपटच्या अण्णा टायपिस्टकडून टाइप करून घेतला. नऊ पानं. अण्णा म्हणाला, तरे, एवढं तर लोक कोर्टात पण देत नाहीत. कौतुक वाटलं त्याला. रजिस्टर पोस्टाने रवाना.

२ जून
उत्तर नाही. साहजिक आहे. नऊ पानं वाचायला वेळ लागतो.
स्मरणपत्र पाठवलं. वर्तमानपत्रात जाण्याचा इशारा दिला आहे. कुठल्या, ते लिहिलं नाही. घाबरू देत.
उपवनच्या फेऱ्या पावसाळ्यानंतर.

१५ जून
विजय!!
मौजवाडीचं पत्र आलं. छापील लेटरहेड, जनरल मॅनेजरची सही. "आपल्या मौलिक सूचनांबद्दल आभारी आहोत. मुद्दा क्र. ४९ वर तातडीने कारवाई करण्यात आली आहे. उर्वरित मुद्द्यांची नोंद घेतली आहे. सोबत चार व्यक्तींसाठी जेवणासह एक दिवसाचे मोफत पास."
तातडीने! एका साध्या नागरिकाच्या लेखणीवर! खाली जाऊन अर्धा किलो पेढे आणले, मजल्यावर वाटले. समोरच्या हौसाबाईंनी विचारलं, प्रमोशन झालं का? म्हटलं, त्यातलंच समजा.
घरात आलो तर मंजुळा कार्बन कॉपी घेऊन बसली होती. एकेका ओळीवरून बोट फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेली. बोट थांबलं. माझ्यापुढे पान धरलं. पेढा पण खाल्ला नाही.
४९ म्हणजे बदक असेल असं मी धरून चाललो होतो.

१६ जून
शांतपणे विचार केला. गोमाजी साठीच्या पुढचा आहे. कधी ना कधी घरी बसलाच असता. आता नातवंडांबरोबर वेळ जाईल. एका अर्थी माझ्यामुळे त्याला विश्रांती मिळाली.
हे शकूला सांगितलं. ती ताटावरून उठून गेली.

१७ जून
ठीक आहे. त्याला परत घ्या असं पत्र लिहितो. उद्याच.

१९ जून
अण्णा गावी गेलाय. हाताने लिहिलेल्या पत्राला वजन नसतं.

२२ जून
अण्णा आला. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. एक मुद्दा मागे घेतला तर बाकीच्या एकोणपन्नास मुद्द्यांची किंमत काय राहील? त्यांना वाटेल, हा माणूस न तपासता सही करतो. आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी मला पॅकिंगला घेताना नेमके हेच शब्द वापरले होते. चुकून.
सोमवारी बघू.

२४ जून
सोमवार. बघितलं नाही. डोकं दुखत होतं.
शकूने स्वतःच वहीचं पान फाडून मौजवाडीला पत्र लिहिलं. मी म्हटलं, दाखव, शुद्धलेखन तपासतो. म्हणाली, नको पप्पा, तुम्ही नका तपासू. आणि पेटीत टाकून आली.

२७ जून
पासांची मुदत तीस तारखेपर्यंत. रविवारी तिघांनी जायचं असं जाहीर केलं. मंजुळा म्हणाली, आम्ही नाही येणार, आम्हाला त्याच दिवशी गोमाजीच्या घरी जायचंय, माफी मागायला. मी विचारलं, कसली? तिने पास माझ्या हातात ठेवले. मग म्हणाली, तुम्ही मौजवाडीला जा. एकच एसटी आहे.
एकाच गाडीने जायचं आणि वेगळं उतरायचं, हा कुठला न्याय? पण पास फुकट घालवणं मला पटत नाही.

१ जुलै
कालचं क्रमाने लिहितो. लिहिलं की डोकं साफ होतं.
खोपटहून सकाळची मुरबाड गाडी. त्या दोघी गावाच्या फाट्यावर उतरल्या. मंजुळाच्या पिशवीत साडी आणि जवळा-कांद्याचा डबा. मी पुढे मौजवाडीच्या गेटवर.
पास चार, माणूस एक. मी चारही थाळ्या मागितल्या. हक्क आहे. दोन संपवल्या, तिसरी निम्मी. मग लाटांच्या तलावात जरा पडून राहिलो. बाहेर आलो तर मनगटावरचं रबर नाही, त्यात अडकवलेली लॉकरची चावी नाही.
लॉकरवर आता माणूस नसतो. पाटी आहे: चावी हरवल्यास ऑफिसात भेटा. ऑफिसात सुमती होती. तिने फॉर्म पुढे केला आणि ओळखपत्र मागितलं. ओळखपत्र लॉकरमध्ये. लॉकर उघडा म्हटलं तर ओळखपत्राशिवाय उघडत नाही. मी चड्डीवर, अंगातून पाणी गळतंय, पंखा फुल स्पीडवर. मी म्हटलं, नऊ वर्षं येतोय मी इथे. ती म्हणाली, सर, तुम्हाला ओळखणारं इथे कुणी आहे का?
अर्धा तास आठवलं. मग सांगितलं, गोमाजी.
ती म्हणाली, गोमाजीकाका नाहीत आता. कुणी एका कस्टमरने कम्प्लेंट केली, हात थरथरतात म्हणून. नऊ पानांची. इतका चांगला माणूस हो. काय मिळतं अशा लोकांना?
मी म्हटलं, असतात असे लोक.
हे मी म्हटलं. इथे लिहून ठेवतो.
तिला माझी दया आली. गाव जवळच, तिने शिपायाला सायकलवरून पाठवलं. तोवर मी भिंतीला पाठ लावून उभा. येणारेजाणारे बघत होते. एका बाईने तिच्या मुलाला दुसऱ्या बाजूने नेलं.
पाऊण तासाने गोमाजी आला. पांढरा शर्ट घातलेला, पाहुणे आलेत म्हणून असेल. मागे मंजुळा आणि शकू.
सुमतीने विचारलं, काका, यांना ओळखता का?
त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलेलं होतं, मंजुळाने सकाळीच सांगितलं होतं. मी छातीवर हात घेतले. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं असं मला त्या क्षणी वाटलं. निदान भांडता आलं असतं.
तो म्हणाला, "वलकतो. तरेसायेब. दरसाल येतान. उघरा त्यांचा लॉकर."
सही करताना त्याचा हात हलत होता. सुमतीने कागद दोन्ही बाजूंनी धरून ठेवला. इतकं सोपं होतं ते.
मग तिने शकूला विचारलं, तू कुणाबरोबर आलीस गं? साहेबांची मुलगी का?
शकू म्हणाली, मी काकांबरोबर आलेय.
सुमती हसली, म्हणाली, बरं. मंजुळा तिथेच उभी होती. तिने दुरुस्त केलं नाही.
मी कपडे घालून बाहेर आलो तोवर तिघं निघून गेलेली. गेटवर चौकीदार म्हणाला, ठाण्याची गाडी साडेपाचला. मी विचारलं, त्या बायका? म्हणाला, त्या काय, गोमाजीकडे चहाला.
साडेपाचच्या गाडीत मी आधी चढलो. पुढच्या फाट्यावर गोमाजी आणि त्याची बायको जनी त्यांना सोडायला आलेली. जनीने शकूच्या हातात भाजलेलं कणीस दिलं, डोक्यावरून हात फिरवला. मी दोन जागा राखून ठेवल्या होत्या, रुमाल टाकून. हाक मारली. त्या पुढे ड्रायव्हरच्या मागे बसल्या. आवाज गेला नसेल, एसटीचं इंजिन फार वाजतं.
कल्याण येईपर्यंत काय काय बोलायचं ते मनात पक्कं केलं. सुरुवात "अगं, झालं ते झालं" अशी करणार होतो. शकूसाठी पण दोन वाक्यं तयार होती, चांगली होती.
कंडक्टर पुढून तिकिटं फाडत आला. मंजुळाकडे थांबला. किती? तिने सांगितलं. मला वाटलं, गाडीच्या आवाजात मीच चुकीचं ऐकलं. मी मागून ओरडलो, कंडक्टर, तीन! ठाणे तीन!
तो वळून मंजुळाला म्हणाला, बाई, ते तुमच्याबरोबर आहेत का?
तिने खिडकीबाहेर बघत दोन बोटं वर केली.