साडीवाली बॉडी

६ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची पांढुर्ण्यात! सौसरची सकाळची बस, खिडकीजवळची जागा, आणि नको नको म्हणत असताना आईने पिशवीत कोंबलेली संत्री. अर्धी बसमध्येच संपवली.

फोटो स्टुडिओ लहानसा आहे, पण उजेड भरपूर. मालक मनोहरकाका साठीचे, गोड बोलणारे. चहा पाजला, कॉम्प्युटर दाखवला, म्हणाले, आता हे सारं तुझंच समज. समजलं असतं, पण माझ्याआधी इथे बसणाऱ्या गौरवने कीबोर्डची जी गत करून ठेवली होती, ती बघवत नव्हती. उलटा करून आपटला तर त्यातून तंबाखूच्या खर्र्याची सुपारी, केस आणि नखाचा एक तुकडा पडला. नखाचा! शी! मी सगळी बटणं काढून स्पिरिटने पुसली. काका हसत म्हणाले, पोरगी मोठी टापटीप दिसून राहिली. आहेच मी. घाण मला सहन होत नाही, मग ती टेबलावर असो की फाईलमध्ये.

८ जानेवारी, बुधवार

लग्नसराई सोडली तर इथलं मुख्य काम मेलेल्या माणसांचं. कोणी गेलं की घरचे आधार कार्ड घेऊन येतात, तेरवीच्या आत मोठा फोटो पाहिजे असतो. आधारवरचं तोंड कापायचं आणि तयार बॉडीवर बसवायचं. पुरुषांसाठी कोटवाली बॉडी, बायकांसाठी साडीवाली. खुर्चीवर ताठ बसलेली बाई, हिरवी साडी, दोन्ही हात गुडघ्यांवर. वीस वर्षं हीच एक फाईल चालते आहे. म्हणजे या भागातल्या शेकडो भिंतींवर एकाच धडावर वेगवेगळ्या बायका आहेत! मला हसूही आलं आणि कसंसंही झालं. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं आहे, तेही कोणी दुरुस्त केलेलं नाही.

काकांनी एकच नियम सांगितला. त्या फायलीत जित्या माणसाचं तोंड नाही लावायचं बरं. जित्याले मेल्याच्या जागेवर काऊन बसवायचं? मी मान डोलावली. काका तसे जुन्या वळणाचे आहेत.

११ जानेवारी, शनिवार

आईला फोनवर माझं काम समजावून सांगितलं. काचेवर काच ठेवावी, एकीवर साडी, दुसरीवर तोंड, तसे लेयर असतात. प्रत्येकाला डोळ्याचं चिन्ह असतं, ते बंद केलं की ती काच दिसेनाशी होते. आई म्हणाली, बरं बाप्पा.

साडीवाल्या फाईलमध्ये मात्र एक काच बंद होत नाही. साडीच्या खाली बिननावाचा लेयर आहे, नुसती कातडी. डोळा बंद असूनही मानेपाशी तिची बोटभर पट्टी दिसत राहते. कुलूप लागलंय का पाहिलं, नाही. दुसऱ्या कुठल्या लेयरमध्ये मिसळलाय का पाहिलं, नाही. डिलीट केला, फाईल पुन्हा उघडली, तर परत जागेवर. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच. शेवटी मोठं करून पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. एकेक छिद्र, त्यातून निघालेला आखूड केस, छिद्रापाशी ओलसर चकाकी. जुन्या रोलवरच्या फोटोत इतकं बारीक दिसूच शकत नाही. मला जेवण गेलं नाही. पट्टीवर काळ्या मण्यांची पोत चिकटवून झाकून टाकली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीला घरी. बहिणीचं, शिवानीचं लग्न पुढच्या महिन्यात, त्यामुळे घरात नुसती धांदल. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आईला मांडवात बाबांचा आणि तिचा जोडीने फोटो ठेवायचा आहे. तसा एकही नाही दोघांचा. मी मोबाईलवर तिचा फोटो काढला तेव्हा ती गाऊनमध्ये होती, खांद्यावर टॉवेल. म्हणाली, बाबाच्या बाजूले मले चांगली साडी नेसवजो. आणि लाजली! पंचावन्नाव्या वर्षी!

१७ जानेवारी, शुक्रवार

काका लोधीखेड्याला लग्नाच्या शूटिंगला गेले होते. मी आईचं काम काढलं. बाबांना कोट चढवला. आईसाठी साडी शोधत बसले, एकही नीट बसेना. समोर हिरवी साडी तयारच होती. नुसती साडी तर घ्यायची, असं म्हणून तोंड त्या फाईलमध्ये नेलं.

एरवी मानेचा सांधा जुळवायला अर्धा तास जातो. आईचं तोंड ठेवलं आणि बसलं. रंगही आपोआप जुळला. दोघं शेजारी शेजारी इतकी छान दिसत होती की मला रडू आलं. आईला पाठवला. तिने गल्लीभर दाखवला म्हणे.

२० जानेवारी, सोमवार

काकांना कळू नये म्हणून आईचा लेयर फाईलमधून काढायला गेले. निघत नाही. तीनदा डिलीट केला, तीनदा परत आला. आणि ती कातडीची पट्टी आता आईच्या हनुवटीपर्यंत चढली आहे. खोडरबर घेऊन गाल पुसून पाहिला. खाली पांढरं दिसायला हवं होतं. खाली तीच कातडी, ओली.

मांडवासाठी काढलेली प्रिंट तीन दिवस झाले तरी वाळलेली नाही. आईच्या गळ्याला बोट लागलं, तर दुधावरची साय यावी तसा पापुद्रा बोटाला चिकटून आला. वास — खराब झालेल्या मटणाचा. चार वेळा हात धुतले. अजून नखात आहे असं वाटतं.

संध्याकाळी शिवानी फोनवर सहज म्हणाली, आईच्या मानेला खाज सुटली आहे, गळ्यातल्या माळेची ॲलर्जी असेल.

२२ जानेवारी, बुधवार

काकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते खाली बसले. मग हळूहळू बोलले.

ती अंबाबाई. पंचवीस वर्षांपूर्वी मे महिन्यात वारली. मुलगा बाहेरगावाहून यायचा म्हणून दोन दिवस तिला तशीच ठेवली होती. तिचा एकही फोटो नाही म्हणून मग काकांना बोलावलं. खुर्चीत बसवली, पदराखालून दोरीने बांधली, हात गुडघ्यांवर ठेवले. काका नाकाला रुमाल लावून फोटो काढून आले. तो न्यायला मात्र कोणी आलंच नाही. पुढे कॉम्प्युटर आल्यावर बॉडी पाहिजे होती, तेव्हा त्यांनी त्या फोटोतून तिचं डोकं काढून टाकलं.

म्हणजे इतके दिवस मी जिची साडी सारखी करत होते, जिच्या मानेवर बोट फिरवत होते, ती... मी मोरीत जाऊन ओकले. काकांनी तोंड धुवायला पाणी दिलं आणि म्हणाले, मेलेल्याचं तोंड लावलं तं ते सोडून देते बेटा. दुसरं आलं की पहिलं निघते. जितं कधी कोणी लावलंच नव्हतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

फाईलच डिलीट केली. सकाळी जागेवर. कॉम्प्युटर साफ केला, सगळं नव्याने टाकलं. फाईल आहे. आईचं तोंड आहे. ओठांपर्यंत कातडी आली.

काका दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन जामसावळीला मारुतीच्या पायाशी गेले आहेत. परत कधी येणार ते सांगितलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

घरी जाऊन आले. आईला माझ्याशी बोलायला त्रास होत होता, ओठ ओढल्यासारखे. डॉक्टरने मलम दिलंय. मी मलम लावलं. माझी आई, आणि मला तिच्या मानेला हात लावताना शिसारी आली! तोच पापुद्रा. तोच वास. तिला कळलं. तिने हात बाजूला केला माझा. लाज वाटते मला माझीच.

तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं झालं आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

शिवानी फोनवर रडत होती. आई सकाळपासून खुर्चीत ताठ. हात गुडघ्यांवर. ते ना आईला उचलता येतात, ना शिवानीला.

दुसरं आलं की पहिलं निघतं. तेरवीचं एक काम पडलं होतं, त्या बाईचं तोंड लावून पाहिलं. बसत नाही. घसरून खाली पडतं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. तिला आता मेलेलं नको —

कातडी आईच्या नाकापर्यंत.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी अकरा. स्टुलावर बसून स्वतःचा फोटो काढला. केस नीट केले. कशाला केले काय माहीत.

लावला. बसला. काहीच जुळवावं लागलं नाही.

आईचा लेयर — डिलीट. फाईल बंद केली, उघडली. नाही. गेला! गेला!

साडेअकरा. शिवानीचा फोन. आई उठली. तोंड धुतलं, भाकर मागितली. मग स्वतः बोलली माझ्याशी. लग्नात तुले कोणती साडी घेऊ म्हणाली. हिरवी नको म्हटलं.

बारा. मान खाजते. बोटाला काहीतरी निघून आलं. पाहिलं नाही. पुसलं.

वास येतो आहे — खोलीचा नाही —

एक. डावा हात गुडघ्यावर. उचलत नाही. नख —

काकांसाठी लिहून ठेवते. मला त्या फाईलमधून सोडवायला कोणी स्वतःचं तोंड लावू नका — आईला तर मुळीच सांगू नका — ती लावेल, ती लगेच लावेल —

उजवाही आता खाली