डाव्या पंखातली भाकरी

दापोडी, शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९५८

रविवारी ग्लायडर उडवायचं, आणि डावा पंख झुकायचा काही थांबेना. पहिल्या शिफ्टवरून आल्यापासून तेच. अंगणात त्याच्या पोटाखाली पाइप ठेवून तोललं, की डावाच खाली. लाकूड मीच तासलेलं, दोन्हीकडे सारखं. मग चुकलं कुठे? माझंच डोकं? चिडून रंधा उचलला, तशी पारू चुलीपुढून उठून आली. पंखांवरचं कापड तिनेच शिवलंय, गोधडीच्या टाक्यानं.

"लाकडाला हात लावू नगा," म्हणाली. "डाव्यात भाकरीचा तुकडा हाय. म्याच शिवलाय."

"भाकरी? पंखात?"

"आमच्या चिखलीत भाकरीचा घास घातल्याबिगर, गोधडीचं पोट रिकामं ठेवून शिवण मिटवीत न्हाईत. आन् ह्यात तर तुमी बसणार."

ओरडणार होतो. रंधा खाली ठेवला. लहानपणी माझं बांबूचं विमान वडिलांनी चुलीत घातलं होतं. लग्न झाल्यापासून पारूही हे वेड नुसतं सोसतेय, असंच मी धरून चाललो होतो. किती वर्षं!

ती कात्री घेऊन आली. "उसवून काढते."

"राहू दे," म्हटलं. "उजव्यातही एक तुकडा घाल."

टोपल्यातली भाकरी मोडून तिने तुकडा उजव्या टोकावर ठेवला. डाव्यातला वाळून हलका झालेला, हा ताजा. आता उजवा पंख खाली गेला. मला हसूच आलं. पारूने त्यातला एक घास मोडून माझ्या तोंडात घातला.

पंख सरळ झाले.