आपल्या ताब्यातली मोटार

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसते आहे. धुळ्याची आपली दुरुस्तीची शेड पाडायला काढली आहे. माणसं विचारतात, आतल्या मोटारीचं काय करायचं? मी काय सांगू, कपाळ?

नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी आले, तेव्हा तुम्ही मला शेडच्या दाराशी राखणीला बसवलंत. पहिल्याच आठवड्यात नशिराबादच्या एका माणसाची दुरुस्त केलेली सायकल मी 'उद्या पैसे देतो' या त्याच्या शब्दावर देऊन मोकळी झाले. काय भडकलात! "ताबा सोडा, हक्क गया! मजुरी मिळेपर्यंत वस्तू आपल्यापाशी, तोवर आपण राजे. दाराबाहेर गेली की बस बोंबलत!" त्या दिवशी माझ्या हातची भाकरसुद्धा खाल्ली नाहीत. मला ते फार लागलं. नवऱ्यानं टाकलेली, वर दाराशी बसायचीही अक्कल नाही, असं मीच स्वतःला म्हणत राहिले.

मग सोनगीरवाल्याची मोटार आली. उतारूंची. पंधरा दिवस खपून इंजिन तुम्ही नीट केलंत, पण मालकाजवळ मजुरी नव्हती, म्हणून मोटार आपल्याकडे अडकली. त्याच उन्हाळ्यात त्याची बायको बाळंतपणात अडली. बैलगाडीतून धुळ्याच्या दवाखान्यात आणताना वाटेतच गेली, पोटातल्या लेकरासकट. बातमी ऐकून तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "अरे, येऊन मागायची होती! मी काय राक्षस शे?"

तेरावं झालं आणि एका भर दुपारी मोटारीच्या मागच्या बाकाचा ताडपत्रीचा पडदा खाली आलेला दिसला. मी तो गुंडाळून बांधला. जेवून येते तो परत खाली. आत ओव्याच्या धुरीचा वास, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा. गादी एका बाजूला दबलेली. हात लावला तर कोमट. मी किंचाळले. तुम्ही आलात, वाकून आत बघितलंत आणि त्या रिकाम्या बाकालाच हळूच म्हणालात, "बस माय, बस. बठ्ठं ठीक शे, सगळं ठीक." आबा, मला त्या वासापेक्षा तुमचीच भीती वाटली.

मालक मुलूख सोडून गेला होता. वकील म्हणाले, मजुरीपायी मोटार धरून ठेवायचा हक्क तुमचा, परस्पर विकायचा नाही. तुम्ही मजुरीवर पाणी सोडलंत, मोटार स्वतः सोनगीरला नेलीत. त्याच्या भावकीनं दारात उभीच करू दिली नाही. "तिच्यात कोण बसलंय ते आम्हाला दिसतं," म्हणाले. संध्याकाळच्या आत तुम्ही परत. तेव्हापासून रोज दुपारी तुम्ही मागच्या बाकापाशी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवायचात, आणि दिवस कलेपर्यंत तो रिकामा व्हायचा. "उन्हानं आटलं असेल," मी म्हणायचे. तुम्ही रिकामा तांब्या उचलून न्यायचात. हळूहळू दुसरी कामं घेणंच सोडलंत. शेवटच्या दुखण्यात तर एकच ध्यास: "त्यानं मागितली का नाही गं? एक शब्द टाकायचा होता." मी तुमचे पाय चेपत बसायचे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. त्यानं मागितली होती, आबा. बायको अडली त्याच दुपारी उसन्या घोड्यावरून भर उन्हात आला, पायात वहाणही नव्हती. तुम्ही जेवून आतल्या खोलीत आडवे झाला होतात. मी दार अडवून उभी राहिले. "मजुरी आणा, मोटार न्या." तो रडला, माझ्या पाया पडला. तुम्ही जागे झालात तर लगेच देऊन टाकाल, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी हळू आवाजात बोलले.