ट्यूबलाइटखालचा तागा

मंगळवार, ७ नोव्हेंबर २००६, भिवंडी

कापड तपासायला लागून अकरा वर्षं झाली. आपली नजर पक्की, याचा केवढा माज मला! कारागीर इस्राईलचा तागा आला की मी ट्यूबलाइटखाली धरायचो. बाकीच्यांचे नुसते उलटायचो. शोधलं की फॉल्ट सापडणारच. सापडला की मी म्हणायचो, बघा, सांगत होतो ना!

आज त्याच्या नावाच्या चिठ्ठीच्या ताग्यात नऊ फॉल्ट काढले आणि शेठला सांगून त्याला कामावरून घालवलं. जाताना म्हणाला, "चाचा, कभी सबका माल ट्यूब के नीचे देखो." मी हसलो.

संध्याकाळी माझा मेहुणा दशरथ आला. तोही इथेच, कारखान्यात लूमवर. खाली मान घालून म्हणाला, "भावजी, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली हाय. ह्यो तागा माझा हाय, त्याचा न्हाय."

मग शेठकडे धावलो? छे! तोच तागा पुन्हा ट्यूबलाइटखाली धरला. नऊतले सहा फॉल्ट आता फॉल्टच वाटेनात. उरलेले तीन... लूमच जुना, दशरथ तरी काय करणार?

मग इस्राईलचा खरा तागा ओढला आणि इंच इंच तपासला. बराच वेळ काहीच सापडेना. शेवटी एक तुटका धागा दिसला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.