शालू परत येतोय

बाळा, तुला नि सूनबाईला तोंडभर आशीर्वाद.

सांगतेय मी, लिहितेय तुझी लेक. एक शब्द गाळायचा नाही, असं बजावलंय. आम्ही ठणठणीत. तुझे होणारे जावई मला रोज चहा देतात; गरम असतो, एवढंच म्हणेन.

लग्न इथे परदेशातच उरकून हिने मागे राहायचं, असं दोघांनी परस्पर ठरवलं होतं. म्हणून काल वकीलबाईंकडे गेलो. हिने त्यांचं बोलणं मला मराठीत सांगितलं: "लग्न लागेल, पण फिरायच्या व्हिसावर आलेल्या मुलीला राहता येणार नाही. घरी जाऊन अर्ज करा, वर्षभर लागेल. विमानतळावर काय सांगितलंत?"

"फिरायला आलो," मी म्हटलं.

"सामानात लग्नाचं काही नव्हतं ना?"

मी पिशवीत चष्मा शोधू लागले, तिथेच तुझ्या लेकीने ओळखलं. माझ्या बॅगेच्या तळाशी शालू आणि मुंडावळ्या होत्या.

"आजी, तू?"

"थंडीला आणलाय," म्हटलं.

तेव्हा तिकिटाच्या तारखेलाच दोघी येतोय. लग्न आपल्या दारात, मग अर्ज. लिहिणारी नाक ओढतेय. सर्दी आहे, काळजी करू नकोस. सूनबाईचे गुडघे कसे आहेत?

जावई हिच्याकरवी विचारतात, "मी लग्नाला तिकडे येताना विमानतळावर काय सांगू?"

म्हटलं, "खरं ते सांगा. खोटं बोलायला माझं वय लागतं."

खाली अंगठा माझाच आहे.

तुझी आई